‘अननॅचरल’ : मृत्यूचे कारण आणि सव्वीस अक्षरांचा खुनी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी गुन्हेकथा-मालिकांची ओळख करून देणारा लेख वाचला. त्यात ‘अननॅचरल’ या जपानी मालिकेची बोळवण ‘एकामागून एक खून करणाऱ्याचा थरारक माग’ अशा एका ओळीत केलेली पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. ती ओळ खोटी नाही. मालिकेत तसा खुनी आहे आणि त्याचा मागही आहे. परंतु या दहा भागांत जे काही मोलाचे आहे ते बहुतेक सगळे त्या खुन्याशी संबंध नसलेल्या कथांत आहे, आणि जे फसले आहे ते बरेचसे त्याच्यापायी फसले आहे, असे माझे मत आहे. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तेव्हा माझी नजर थोडी एकांगी असणार हे वाचकांनी गृहीत धरावे. शिवाय मतांची कारणे द्यायची तर कथेतली रहस्ये सांगावीच लागतील. ज्यांना मालिका कोऱ्या मनाने पाहायची असेल त्यांनी हे पत्र नंतर वाचलेले बरे.

ही मालिका टीबीएस वाहिनीवर 2018 च्या जानेवारी ते मार्च या काळात दर शुक्रवारी रात्री दहा वाजता दाखवली गेली. लेखिका अकिको नोगी, प्रमुख दिग्दर्शिका आयुको त्सुकाहारा आणि निर्मात्या जुन्को आराई या तिघीही स्त्रिया आहेत, हे मुद्दाम सांगते, कारण त्याचा परिणाम मालिकेच्या दृष्टीवर जागोजागी जाणवतो. कथा टोकियोतील एका काल्पनिक संस्थेत घडते. अनैसर्गिक मृत्यूंची कारणे शोधणे एवढेच या संस्थेचे काम असते आणि तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ‘यूडीआय’ असे आहे. मिकोतो मिसुमी (अभिनेत्री सातोमी इशिहारा) आणि केइ नाकादो (आराता इउरा) हे तिथले शवविच्छेदन करणारे डॉक्टर. युको शोजी ही प्रयोगशाळा सांभाळते, रोकुरो कुबे हा नोंदी ठेवणारा वैद्यकीय विद्यार्थी, आणि सरकारदरबारी पैशांसाठी खेटे घालणारे कामिकुरा हे प्रमुख.

मालिकेचे पहिले बळ असे की, तिला स्वतःच्या देशातली एक खरी उणीव नेमकी ठाऊक आहे. जपानमध्ये दरवर्षी दीड लाखाहून अधिक मृतदेह पोलिसांच्या तपासणीत येतात, आणि त्यांपैकी साधारण दहांतल्या एकाचेच शवविच्छेदन होते. उरलेल्यांचे कारण बाहेरून पाहून, फार तर सीटी स्कॅन काढून ठरवले जाते आणि देह दहनाला जातो. मृत्यूची चौकशी करणारे स्वतंत्र वैद्यकीय अधिकारी टोकियोचे तेवीस विभाग, ओसाका, कोबे अशा मोजक्याच ठिकाणी काम करतात. अन्यत्र गुन्ह्याचा संशय नसेल तर बराच काळ सगळी भिस्त नातेवाइकांच्या संमतीवर असे, आणि आपल्या माणसाची चिरफाड नको असे म्हणणारे नातेवाईक तिथेही पुष्कळ. देशभरात हे काम करणारे न्यायवैद्यक तज्ज्ञ दीडशेच्या आसपास आहेत. या व्यवस्थेतून काय निसटते याचे दाखले तिथल्या लोकांना तोंडपाठ आहेत. 1985 ते 2005 या वीस वर्षांत एकाच बनावटीच्या गॅसगिझरमधून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडने 21 माणसे दगावली, आणि त्यातले कित्येक मृत्यू सुरुवातीला हृदयविकाराच्या वगैरे खात्यावर जमा झाले होते. 2007 साली सुमो कुस्तीच्या एका तालमीत सतरा वर्षांचा शिकाऊ मल्ल गेला तेव्हाही पोलिसांनी आधी आजारच धरला होता. आईवडिलांनी हट्टाने शवविच्छेदन करून घेतल्यावर मारहाण उघडकीस आली. अशा प्रकरणांनंतर एप्रिल 2013 पासून एक नवा कायदा लागू झाला आणि पोलिसांना संमतीविनाही शवविच्छेदन करवून घेण्याची मुभा मिळाली. ‘यूडीआय’ ही संस्था म्हणजे ही उणीव पुरेपूर भरून काढायचे ठरवले तर काय उभे राहील, त्याचे कल्पनाचित्र आहे.

इथे आपल्याकडच्या वाचकाला थोडे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे तक्रार नेमकी उलटी असते. अनैसर्गिक मृत्यू म्हटला की पोलीस पंचनामा करतात आणि मृतदेह शवविच्छेदनाला येतोच. तसे करण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 मध्ये होती, आणि आता नव्या संहितेच्या 194 मध्ये आहे. पण ग्रामीण रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग संपवून आलेला, या विषयाचे विशेष शिक्षण नसलेला वैद्यकीय अधिकारी दारात खोळंबलेल्या नातेवाइकांच्या घाईत ते उरकतो, व्हिसेरा म्हणजे रासायनिक तपासणीसाठी काढलेले अवयव बरणीत भरतो, ‘अभिप्राय राखून ठेवला आहे’ असे लिहितो, आणि तो राखलेला अभिप्राय येईपर्यंत वर्षश्राद्धही होऊन जाते. त्यांच्याकडे शव उघडतच नाहीत आणि आपल्याकडे उघडूनही नीट पाहत नाहीत. मालिका पाहताना मला हेवा वाटला तो चकचकीत यंत्रांचा नाही. मिकोतो एकेका देहाला जितका वेळ देते, त्या वेळेचा हेवा वाटला.

पहिल्याच भागात हा वेळ कशासाठी लागतो ते दिसते. परदेशी कामावरून परतलेला एक धडधाकट तरुण अचानक मरतो. हृदयविकार असे कारण नोंदले जाते आणि त्याचे आईवडील ते मानायला तयार नसतात. (‘हृदयक्रिया बंद पडून’ हे मृत्यूचे कारण नव्हे, प्रत्येकाचीच हृदयक्रिया शेवटी बंद पडते, हे वाक्य मी वर्गात किती वर्षे म्हटले याची गणती नाही.) संशय आधी विषावर आणि विषांशी संबंधित काम करणाऱ्या त्याच्या वाग्दत्त वधूवर जातो. मग विषाणूचा संसर्ग सापडतो, आणि त्याच क्षणी मेलेला मुलगा देशात रोग आणणारा अपराधी ठरतो. त्याच्या आईवडिलांना जगासमोर मान खाली घालावी लागते. हे दोन वर्षांनी आलेल्या करोनाच्या साथीआधी लिहिलेले आहे. साथीतल्या पहिल्या रुग्णांची नावे आणि पत्ते आपल्याकडे कसे हातोहात फिरले होते, ते आठवले की लेखिकेच्या निरीक्षणाला दाद द्यावी लागते. मिकोतो मात्र एवढ्यावर थांबत नाही. तो परतला त्या दिवशी त्याच्या अगदी जवळ असलेल्या वधूला संसर्ग कसा झाला नाही, हा साधा प्रश्न ती धरून ठेवते. त्यातून कळते की रोग त्याने आणलाच नव्हता, परतल्यावर तपासणीसाठी तो ज्या रुग्णालयात गेला तिथेच त्याला तो जडला. या कथेत खुनी कुणीच नाही. निष्काळजीपणा आहे आणि तो झाकण्याची धडपड आहे.

चौथ्या भागात मिठाईच्या कारखान्यातला एक कामगार मोटारसायकलच्या अपघातात जातो. दुरुस्ती करणारा गॅरेजवाला, आधी उपचार केलेले रुग्णालय आणि ऊर फुटेस्तोवर राबवून घेणारा कारखाना हे तिघे दोष एकमेकांवर ढकलतात. शेवटी सापडते ते मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या रोहिणीचे आतले अस्तर फाटलेले. ती इजा काही दिवसांपूर्वीच्या एका पडण्यात झालेली असते आणि दरम्यान माणूस कामावर जात-येत असतो. हे वैद्यकीयदृष्ट्या पक्के आहे. ती रोहिणी पाहायची तर मान मागच्या बाजूने उघडावी लागते, आणि नेहमीच्या शवविच्छेदनात हा भाग बहुधा राहूनच जातो. एवढ्या बारीक गोष्टीवर अख्खा भाग उभा करण्याची हिंमत मी अन्य कुठल्या मालिकेत पाहिली नाही.

आठव्या भागाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सबंध मालिकेचा कळस तोच आहे. एका दाटीवाटीच्या इमारतीला आग लागते आणि दहा जळालेले देह एकदम प्रयोगशाळेत येतात. आगीतला देह समोर आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा माणूस आग लागली तेव्हा श्वास घेत होता का? त्यासाठी श्वासनलिकेत काजळी आहे का आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड किती आहे, हे पाहतात. दहांतल्या एका देहावर दोराचे वळ सापडतात, डोक्याला मारही दिसतो. साहजिकच, याला बांधून ठेवून मारले आणि पुरावा नष्ट करायला आग लावली, असा संशय येतो. हा तरुण वाया गेलेला, बापाने टाकलेला. आणि बाप अग्निशमन दलातला. पुढे उलगडते ते असे, की ते वळ त्याला बांधल्याचे नव्हतेच. त्यानेच बेशुद्ध पडलेल्या माणसाला दोराने पाठीशी बांधून बाहेर काढायचा प्रयत्न केला होता, आणि माणूस पाठीवर असा बांधून न्यायची रीत त्याने बापाकडूनच उचललेली होती. देहावरची तीच खूण आधी गुन्ह्याची साक्ष देते आणि नीट वाचल्यावर पुत्राची. हा भाग मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा रहस्य ठाऊक असूनही घशात आवंढा आलाच.

याच मालिकेने मला एका शब्दाविषयी विचार करायला लावले, आणि तो विषय वर्तमानपत्राच्या अगदी जवळचा आहे. मिकोतो लहानपणी ज्या घटनेतून एकटी वाचली, त्यात तिच्या आईने बंद घरात कोळसा पेटवून मुलांसह स्वतःला संपवायचे ठरवले होते. जपानीत अशा घटनेला ‘मुरी शिन्जू’ म्हणतात. पुण्यात जपानी शिकवणाऱ्या माझ्या पुतणीने सांगितले की, ‘शिन्जू’ या शब्दातली दोन अक्षरे ‘हृदय’ आणि ‘आत’ या अर्थाची आहेत. जुन्या काळी हा शब्द एकत्र मरणाऱ्या प्रेमिकांसाठी वापरीत, आणि पुढे त्याला ‘मुरी’ म्हणजे ‘बळजबरीचे’ हे विशेषण लागले. बळजबरी झाली तरी शब्दातला जिव्हाळा मागे राहिलाच. मिकोतो हा शब्द मान्य करीत नाही. हा निव्वळ स्वार्थी खून आहे आणि त्यामागून खुन्याने केलेली आत्महत्या आहे, असे ती स्वच्छ म्हणते. संपादक महोदय, कर्जबाजारी बाप दोन मुलांना विष पाजून स्वतः गळफास घेतो, तेव्हा आपल्याकडची वर्तमानपत्रे ‘कुटुंबाची सामूहिक आत्महत्या’ असा मथळा देतात. चार आणि सहा वर्षांच्या मुलांनी आत्महत्या केलेली नसते. अशी मुले टेबलावर असताना पोलिसांच्या कागदावर हेच दोन शब्द मी अनेकदा वाचले, आणि खंत अशी की, तेव्हा मलाही ते खटकले नव्हते.

तिसऱ्या भागात मिकोतो न्यायालयात साक्षीला उभी राहते, आणि सरकारी वकील तिच्या निष्कर्षाला हात न घालता ती बाई असण्याला, तिच्या चिडण्याला हात घालतो. ज्या देशात फौजदारी खटल्यात दोषी ठरण्याचे प्रमाण 99 टक्क्यांहून अधिक आहे, तिथे सरकारी पक्षाच्या विरुद्ध उभे राहणे म्हणजे काय, हे इथे कळते. मला स्वतःला उलटतपासणीत ‘डॉक्टरबाई, शव तुम्ही स्वतः उघडलेत की लांबून पाहिलेत?’ असे विचारले गेले होते. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको होते, कक्षात हशा हवा होता आणि तो पिकलाही. त्यामुळे या भागाचा शेवट मला जिव्हारी लागला. तिथे मिकोतोचे म्हणणे अखेर नाकादोच्या तोंडून मांडले जाते आणि तेव्हा ते ऐकले जाते. हे वास्तवाला धरून आहे हे मान्य करूनही, मालिकेने तिला तिची लढाई पुरी करू दिली असती तर बरे झाले असते असे वाटते.

आता दोष. काही किरकोळ आहेत आणि ते या प्रकाराला माफ असतात. सकाळी दिलेल्या नमुन्यातील विष संध्याकाळी ओळखले जाते. डॉक्टर घटनास्थळी जाऊन पोलिसांच्या आधी धागेदोरे गोळा करतात, आणि एका प्रयोगशाळेत साऱ्या शाखांचे ज्ञान हात जोडून उभे असते. दुसऱ्या भागात मात्र हद्द होते. मिकोतो आणि कुबे एका शीतवाहनात कोंडले जाऊन पाण्यात बुडत असतात, आणि ती आत शिरणाऱ्या पाण्याचे गुणधर्म बाहेर कळवते, त्यावरून जागा ओळखली जाते. प्रसंग श्वास रोखायला लावणारा आहे, पण ज्या मालिकेची सगळी मदार संथ, सबुरीच्या कामावर, तिने दुसऱ्याच आठवड्यात वाहन पाण्यात ढकलावे याचे हसू येते. बहुधा वाहिनीला प्रेक्षक हातचे जाण्याची धास्ती वाटली असावी.

गंभीर दोष आहे तो त्या खुन्याचा. नाकादोची प्रेयसी आठ वर्षांपूर्वी मारली गेलेली असते. तिच्या तोंडात आतून लाल मासोळीसारखी खूण होती, आणि तशीच खूण नाकादो येणाऱ्या प्रत्येक देहात शोधत असतो. इथवर ठीक आहे. एका हरलेल्या माणसाचे झपाटलेपण म्हणून इउरा यांनी ते उत्तम वठवले आहे. तिचे शवविच्छेदन त्याने नाते लपवून स्वतः केले होते, ही व्यवसायातली घोर चूक मालिका पुरेशी गांभीर्याने घेत नाही, पण तेही सोडून देऊ. शेवटी उलगडते ते असे, की खुन्याने इंग्रजीच्या ए ते झेड या सव्वीस अक्षरांना एकेक मारण्याची रीत ठरवून सव्वीस माणसे मारली. इथे माझा मालिकेवरचा विश्वास उडाला. आठ भाग आपल्याला सांगितले जाते की मृत्यू हा बहुधा ढिलाईतून, हव्यासातून, शरमेतून, कंटाळलेल्या यंत्रणेतून येतो. सातव्या भागात तर शाळेतल्या छळाने मेलेल्या मुलाचा मारेकरी कायद्याच्या भाषेत कुणीच ठरत नाही, हे मिकोतोला सर्वांसमोर सांगावे लागते, आणि तिच्या चेहऱ्यावरची असहायता हाच त्या भागाचा निष्कर्ष असतो. एवढे सगळे कमावल्यावर एक कोडेबाज राक्षस आणून उभा केला, की ही सारी मिळकत एका फटक्यात उधळली जाते. असा माणूस सापडला, शिक्षा झाली, की प्रेक्षक निश्चिंत झोपतो. पहिल्या भागातल्या रुग्णालयाची गोष्ट पाहून मात्र कुणालाही निश्चिंत झोप लागू नये.

त्या खुन्याला खिंडीत गाठण्याची पद्धतही डळमळीत आहे. पुरावा पुरेसा नसल्याने त्याच्या तोंडून कबुली काढावी लागते, आणि ती मिकोतो भर न्यायालयात त्याची कीव करून काढते. अहंकार डिवचला गेला आणि आरोपी फुटला, हे रंगभूमीवर शोभते. साक्षीच्या पिंजऱ्यात असे घडताना मी कधी पाहिले नाही. त्याच शेवटच्या भागातले दुसरे सूत्र मात्र खणखणीत आहे. सरकारी पक्षाला अडचणीचा ठरणारा एक निष्कर्ष अहवालातून गाळावा, म्हणजे नराधमाला शिक्षा होणे सोपे जाईल, असा दबाव संस्थेवर येतो. समोर खात्रीचा खुनी आहे, सहकाऱ्याच्या प्रेयसीचा बळी गेलेला आहे, गाळायची ती फक्त एक ओळ. मिकोतो नकार देते. आमच्या पेशातला खरा पेच हाच आहे. निरपराध्याला वाचवण्यासाठी सत्य लिहिणे तुलनेने सोपे असते. खात्रीच्या अपराध्याला त्या सत्याचा फायदा होणार असतानाही ते लिहिणे अवघड. हा एकच पेच घेऊन शेवटचा भाग केला असता तर सव्वीस अक्षरांची गरज पडली नसती.

आणखी एक योगायोग असा, की अखेरचा पुरावा मिळतो तो अमेरिकेतल्या मातीतून. प्रेयसीच्या वडिलांनी तिचा देह टेनेसीत पुरलेला असतो, तो उकरून काढून तपासला जातो. पटकथेची ही कसरत आहे हे खरे, पण त्यामागचे कारण अस्सल आहे. जपानमध्ये जवळजवळ सर्वच देहांचे दहन होते, त्यामुळे पहिल्या वेळी जे पाहिले नाही ते पुन्हा पाहायची सोयच नसते. दहन करणाऱ्या आपल्या समाजालाही हे लागू आहे. चितेनंतर डॉक्टरने काय लिहिले तेवढेच उरते.

मांडणीविषयी दोनच गोष्टी. शवविच्छेदनाची दृश्ये संयत आहेत. देह कधी तमाशासाठी उघडा टाकलेला नाही, आणि तरीही काम चालू असल्याचे पटते. केन्शी योनेझु यांचे शीर्षकगीत प्रत्येक भागात सत्य उलगडते त्या क्षणी सुरू होते. पहिले तीन-चार भाग अंगावर काटा येतो, पुढे पुढे आपण त्याची वाटच पाहू लागतो, जसे कीर्तनात आता टाळ वाजणार हे कळावे. मिकोतोचे खाणे मात्र मला अखेरपर्यंत आवडले. पहिल्याच प्रसंगात ती कपडे बदलण्याच्या खोलीत बसून सकाळी सकाळी भजी घातलेला भात चवीने खाते. आमच्या विभागात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना पहिले आठ दिवस डबा उघडवत नसे, आणि नवव्या दिवशी त्यांच्यातलाच एखादा लोणच्याची फोड मागायचा. ते ज्याने पाहिले आहे, त्याला लेखिकेने या जागी चौकशी करून लिहिले आहे हे लगेच कळेल.

या मालिकेचा दुसरा हंगाम आजवर आलेला नाही. ही प्रयोगशाळा याच लेखिकेच्या 2020 मधील एका पोलीस मालिकेत आणि 2024 च्या एका चित्रपटात थोडा वेळ पुन्हा दिसते, आणि तिथे सव्वीस अक्षरांच्या खुन्याचा विषयही निघत नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांना दहाही भाग पाहायला सवड नसेल त्यांनी पहिला, चौथा आणि आठवा पाहावा, आणि शेवटच्या भागातला फक्त तो अहवालाचा प्रसंग.

आपली,
एक निवृत्त न्यायवैद्यक प्राध्यापिका, सातारा